डावीकडची खुर्ची

जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्यांपैकी दोन अश्विनीनं उचलल्या, मधल्या खोलीत नेल्या आणि भिंतीकडे तोंड करून शेजारी शेजारी मांडल्या, तेव्हा कुसुमताईंना उलट बरंच वाटलं. पोरगी निदान हातपाय तरी हलवायला लागली. घरी आल्यापासून ती पलंगावर पडून नुसती छताकडे बघत होती, आणि त्या छतात बघण्यासारखं काही असतं तर तिच्या वडिलांनी, गजाननरावांनी, ते केव्हाच ठोकून सरळ केलं असतं.

खुर्च्या लोखंडी सांगाड्याच्या, हिरव्या नायलॉनच्या पट्टीनं विणलेल्या. गजाननराव कागद मिलमधून निवृत्त झाले आणि मिलची कॉलनी सोडून दोघं बुऱ्हाणपुरात, लोधीपुऱ्यात राहायला आली, तेव्हा कुसुमताईंनी नवं फर्निचर मागितलं होतं. गजाननरावांनी या जुन्याच खुर्च्यांना नवी पट्टी विणून घेतली. पट्टी इतकी ताठ की माणूस बसला की बैठक कर्र करून खाली जायची आणि उठला की कर्र करून वर यायची. पाहुण्यांसमोर कुसुमताईंना त्या आवाजाची फार लाज वाटे.

मग अश्विनी शनवारा चौकात जाऊन एक भलंमोठं फ्लेक्स छापून घेऊन आली. विमानाच्या कॉकपिटचा फोटो, खऱ्याएवढा, बटणं आणि तबकड्या आणि खटके यांनी गच्च भरलेला. छापणाऱ्यानं आजवर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाखेरीज काही छापलेलं नव्हतं. त्यानं सवयीनं विचारलं, "मॅडम, ऊपर फोटो किसका डालना है?" हे सांगताना अश्विनी हसली. किती तरी दिवसांनी हसली.

"अन् हे करायचं काय भिंतीला लावून?" कुसुमताईंनी विचारलं.

"प्रॅक्टिस गं आई. सगळे पायलट करतात. खुर्चीत बसायचं आणि खोटं खोटं उडवायचं."

"मग दोन खुर्च्या कशाले?"

"डावीकडे कॅप्टन बसतात ना. मी उजवीकडे." असं म्हणून ती उजव्या खुर्चीत बसली. डावी रिकामी होती.

लोधीपुऱ्यात उजाडल्यापासून पॉवरलूमची खटखट चालते. ती इतकी अंगवळणी पडलेली असते की कुणाला ऐकूच येत नाही. वीज जाऊन माग थांबले की मात्र माणूस दचकतो. त्या दुपारी वीज गेली. अख्खी गल्ली एकाएकी मुकी झाली आणि स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या कुसुमताईंना मधल्या खोलीतलं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"इंजिन मास्टर टू," अश्विनी म्हणाली. मग बराच वेळ काहीच नाही. मग एकदम घाईनं, "सॉरी सर. वन. इंजिन मास्टर वन." पुन्हा शांतता. "ओके सर."

कुसुमताई पिठाच्या हातांनी दारापर्यंत गेल्या. अश्विनीचं बोट फ्लेक्सवरच्या एका खटक्यावर होतं आणि मान जराशी डावीकडे कललेली होती, शेजारच्याचं हळू बोलणं ऐकताना कलते तशी. कुसुमताईंची नजर त्या शेजारच्या खुर्चीकडे गेली. खुर्चीत कोणी नव्हतं. पण हिरव्या पट्टीची बैठक मध्यभागी खाली गेलेली होती.

पट्टी सैल झाली असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. बाई गणिताच्या, सगळा जन्म शाळेत पोरांना 'कारण लिहा' म्हणण्यात गेलेला. वीज आली, माग सुरू झाले, तव्यावरची भाकरी तोवर काळी झाली होती. गजाननराव ती मुकाट्यानं खाऊन उठले आणि उठताना म्हणाले, "आज कोळशाचा भाव उतरेल वाटते."

खरी गोष्ट अशी होती की अश्विनीच्या विमानाचं इंजिन आकाशात बंद पडलं होतं. हे थंडीतलं. भर उंचीवर असताना धाडकन आवाज झाला, विमान थरथरायला लागलं आणि एका बाजूला ओढ घेऊ लागलं. अश्विनी को-पायलट, कॅप्टन होते अरविंद म्हणून नाशिकचे एक गृहस्थ. दोघांनी बिघडलेलं इंजिन बंद केलं. एका इंजिनावर विमान पडत नाही, फक्त तेवढ्या उंचीवर टिकत नाही; म्हणून ते हळूहळू खाली आणत, सरळ धरून ठेवत, त्यांनी नागपूरला उतरवलं. धावपट्टीच्या दोन्ही अंगांना अग्निशमनाच्या गाड्या दौडत होत्या आणि त्यांना करायला काही उरलंच नाही. सगळे प्रवासी आपापल्या पायांनी उतरले. शहापूरच्या नातेवाइकांनी अश्विनीचा सत्कार केला, शाल दिली, आणि केळीचा एक अख्खा घड दिला, जो संपता संपेना.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कॅप्टन अरविंद झोपेतच गेले. हृदय. वय काही फार नव्हतं.

आणि मग अश्विनीचं बिनसलं. वैमानिकांची परीक्षा घ्यायला खांबांवर उभी केलेली एक बंद खोली असते. आत कॉकपिट खरं, बाहेरचं आकाश खोटं. तिथं मुद्दाम इंजिन बंद पाडतात आणि बघतात काय करता. अश्विनीनं खटक्यावर बोट ठेवलं, डावीकडे बसलेल्या परीक्षकानं 'कन्फर्म', म्हणजे 'हो, बरोबर' म्हटलं, आणि ती तशीच बसून राहिली. त्यानं पुन्हा म्हटलं, मग ओरडून म्हटलं. ती म्हणाली, मला ऐकू आलं नाही. कान तपासले, कान ठणठणीत निघाले. आता येत्या सोमवारी हैदराबादला दुसरी परीक्षा होती, आणि ती शेवटची. तिथं हुकली की विमान कायमचं सुटलं. लहानपणी मिलच्या कॉलनीत अंगणात झोपलं की वरून जाणारं प्रत्येक विमान बोटानं क्षितिजापर्यंत पोचवणारी ही पोर. तिला जमिनीवर बसलेली बघायची कल्पनाच कुसुमताईंना सोसेना.

अश्विनी आंघोळीला गेल्यावर त्यांनी डाव्या खुर्चीची बैठक दाबून बघितली. पट्टी ताणून बसवलेल्या खाटेसारखी ताठ. सैल वगैरे काही नाही.

दुपारी सराव सुरू झाला तेव्हा त्या आत गेल्या आणि मन घट्ट करून सरळ त्या डाव्या खुर्चीत जाऊन बसल्या. बसताना कर्र झालंच नाही. बैठक आधीच खाली होती. आणि गरम होती.

"उठ तिथून!" अश्विनी किंचाळली. "आई, उठ! काय करून राहिली तू?"

कुसुमताई उठल्या. त्यांच्या मागे बैठक वर आली नाही. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं, पण शिक्षकी पेशात एक गोष्ट माणूस शिकतो, घाबरलेलं तोंड वर्गाला दाखवायचं नसतं. त्या अश्विनीच्या पुढ्यात जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "सांग मले. सगळं सांग."

अश्विनीनं सांगितलं. सांगताना ती डावीकडे बघत नव्हती, पण आवाज हळू ठेवत होती, झोपलेल्याची झोपमोड होऊ नये तसा.

"आवाज झाला ना, तेव्हा मला वाटलं की उजवं गेलं. पक्कं वाटलं. सगळं हलून राहिलं होतं, धड वाचता येत नव्हतं. मी उजव्याच्या खटक्यावर हात ठेवला आणि विचारलं. विचारायचंच असतं, आई. एकानं हात ठेवायचा, दुसऱ्यानं बघायचं, तो हो म्हणाला तरच खटका ओढायचा. सर काहीच बोलले नाहीत. एवढ्या गोंधळात त्यांनी सावकाश बघितलं. मग म्हणाले, नाही बेटा, वन. डावं." ती थांबली. "उजवं चांगलं होतं. तेच एक चालू होतं. ते घाईत हो म्हणाले असते तर मी तेही बंद केलं असतं."

"पण केलं नाही ना?"

"त्यांनी नाही करू दिलं. रिपोर्टमध्येही आहे ते, सगळे म्हणाले, वा, नियम याच्यासाठीच असतो. पण आई, बाकीचे बघत नाहीत. बाकीचे फक्त हो म्हणतात. मला ऐकूच येत नाही त्यांचं हो. सरांचं येतं."

"अजून?"

"अजून," अश्विनी म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. पोरगी घाबरलेली असती तर कुसुमताईंना चाललं असतं. ती सुखात होती.

त्यांनी ठरवलं, माणसाच्या आवाजानं हा आवाज हटवायचा. त्यांनी तिसरी खुर्ची आणली आणि दोघांच्या मागे ठेवली. डावीत बसायची काही त्यांची छाती झाली नाही. "मी बघते अन् मी सांगते तुले हो की नाही," त्या म्हणाल्या. "मले शिकव." गजाननराव दारात येऊन म्हणाले, "टेबलाले आता एकच खुर्ची राहिली. आपण आळीपाळीनं जेवू." कोणी हसलं नाही.

कुसुमताई भराभर शिकल्या. इंजिन मास्टर म्हणजे इंजिन बंद करायचा खटका; डावं म्हणजे वन, उजवं म्हणजे टू. अश्विनी बोट ठेवून नाव घेणार, आपण बघायचं आणि म्हणायचं, कन्फर्म. सगळी दुपार त्या म्हणत राहिल्या. अश्विनी बोट ठेवी, त्या म्हणत, कन्फर्म. बोट ठेवी, कन्फर्म. लय लागली. वर्गात पाढे म्हणून घेताना लागायची तीच लय. पोरगं एका सुरात म्हणत असलं की बाईंची मान आपोआप डोलते, बरोबर, पुढे, बरोबर, पुढे. जन्मभराची सवय.

"डावं गेलंय. इंजिन मास्टर वन," अश्विनी म्हणाली.

"कन्फर्म."

अश्विनीचं बोट हललं नाही. ती वळून आईकडे बघत राहिली. कुसुमताईंनी भिंतीकडे नीट बघितलं. पोरीनं बोट मुद्दाम उजव्या खटक्यावर ठेवलं होतं.

"बघितलंस?" अश्विनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तू पण. सर नाही म्हणाले."

त्या क्षणी डाव्या खुर्चीची पट्टी किंचित करकरली, बसलेल्या माणसानं अंग सावरून घ्यावं तशी. कुसुमताई खोलीतून बाहेर आल्या आणि ओट्याला टेकून रडल्या. भुताची भीती वाटली म्हणून नव्हे. ज्या एका कामासाठी त्या तिथं बसल्या होत्या ते त्यांना जमलं नव्हतं, आणि जो नव्हता त्याला जमलं होतं.

संध्याकाळी अश्विनी गच्चीवर गेली तेव्हा त्यांनी गजाननरावांना सगळं सांगितलं; बैठकीचं, तिच्या उबेचं, सगळं. नवरा थट्टा करील म्हणून त्या तयारीतच होत्या. गजाननरावांनी थट्टा केली नाही.

"मिलमध्ये पत्र्याची पट्टी राहे," ते म्हणाले. "आपल्या नंबरची. मशीनच्या आत काम कराले उतरलं की आधी बटण बंद करायचं अन् त्याच्यावर आपली पट्टी लटकवायची. ज्याची पट्टी त्यानंच काढायची. साहेब असो की कोणी, दुसऱ्यानं हात नाही लावायचा. आपला नामदेव आठवते ना, वरणगावचा?"

"अटॅकनं गेला तो?"

"तोच. त्या दिवशी काम झालं अन् पट्टी काढाले विसरला. घरी गेला, अन् घरीच खलास. सकाळी बघतो तर पट्टी लटकेल. साहेब म्हणे काढा अन् चालू करा. कोण काढते? मले म्हणे, गजानन, तू त्याचा दोस्त. मी नाही काढली. कुसुम, मशीन बंद होतं, वायर काढेल होती, तरी हात लावला का आतून घुंऽ घुंऽ असं येऊन राहिलं होतं. मी माह्या हातानं पाहिलं ते." त्यांनी तळहात पुढे केला, जणू अजून त्यावर काही लागलेलं होतं. "मग त्याच्या बायकोले आणलं, सरस्वतीले. तिनं मिल कधी आतून पाह्यली नव्हती. आली, पट्टी काढली, पदरात घेतली अन् म्हणे, आता करा चालू. झालं चालू."

कुसुमताईंनी नवऱ्याकडे बघितलं. इतकी वर्षं संसार केला आणि हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"त्या कॅप्टनची बायको हाय ना?" गजाननराव म्हणाले. "तिले बोलाव. हे आपलं काम नाही."

अश्विनीच्या फोनमध्ये नंबर होता. शोभाताई, नाशिक. दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमताईंनी गच्चीच्या जिन्यात उभं राहून तो लावला. काय बोलायचं याची मनात दहा वेळा जुळवाजुळव केलेली, ती पहिल्याच वाक्याला कोसळली.

"मी अश्विनीची आई बोलते, बुऱ्हाणपूरहून. तुमचे मिस्टर... म्हणजे माझी मुलगी त्यांच्यासोबत..."

पलीकडच्या बाईंनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

"ते तुमच्याकडे आहेत का?" शोभाताईंनी विचारलं.

कुसुमताई खालच्या पायरीवर बसल्या. "हो," त्या म्हणाल्या.

"मी रोज वाट बघते हो. इथं एक दिवससुद्धा आले नाहीत." आवाज अगदी साधा होता, बाजारातून उशिरा येणाऱ्या माणसाबद्दल बोलावं तसा. "दहाव्याला कावळा शिवेना पिंडाला. गंगेवर सकाळपासून उभे होतो सगळे. दीर म्हणाले, मुलांचं शिक्षण मी करतो. नाही शिवला. मी म्हटलं, सासूबाईंना मी शेवटपर्यंत बघीन. नाही शिवला. घराचं, कर्जाचं, सगळ्याचा शब्द देऊन झाला. कशात जीव अडकलाय ते कुणालाच कळेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला." त्या थांबल्या. "तुमच्या मुलीचं नाव कुणाला सुचलंच नाही."

शनिवारी सकाळच्या गाडीनं शोभाताई आल्या. गजाननराव स्टेशनवर घ्यायला गेले. फिकट रंगाची साडी, हातात एक छोटी पिशवी, बाई ठेंगणी आणि शांत. चहासुद्धा नको म्हणाल्या. अश्विनी नुकतीच केस पुसत बाहेर येत होती. तिनं त्यांना पाहिलं, कशासाठी आल्यात ते तिला न सांगताच कळलं, आणि ती धावत मधल्या खोलीत जाऊन दोन्ही खुर्च्यांच्या पुढे हात पसरून उभी राहिली. एवढी मोठी मुलगी, आकाशात विमान धरून ठेवलेली, लहान पोरीसारखी आडवी आली.

"काकू, सोमवारपर्यंत," ती म्हणाली. "फक्त सोमवारपर्यंत राहू द्या त्यांना. प्लीज. मग मी काही मागणार नाही."

"आणि सोमवारनंतर रोज उडशील तेव्हा?" शोभाताईंनी विचारलं.

अश्विनीनं पसरलेले हात आणखी ताणले.

"लग्न झाल्यापासून मी त्या माणसाची वाटच बघत आलेय, बाळ. आज या गावी, उद्या त्या. येतो म्हणायचे आणि यायचे. आत्ताच तेवढे आले नाहीत." त्यांचे डोळे भरले होते पण आवाज हलला नाही. "तुला वाटतं ते खुशीनं बसलेत इथं? थकलेत ते. मला ठाऊक आहे ना, ते थकले की कसे बसतात."

अश्विनीनं पहिल्यांदा मान वळवून डाव्या खुर्चीकडे नीट बघितलं. तिला काय दिसलं ते तिनं पुढेही कधी सांगितलं नाही. तिचे पसरलेले हात मात्र हळूहळू खाली आले.

शोभाताई खुर्चीत बसल्या नाहीत. समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि कपाळाच्या उंचीवर, बसलेल्या माणसाच्या केसांवर ठेवावा तसा, हवेत हात ठेवला. बाहेर माग खटखटत होते. गजाननराव दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

"अहो," शोभाताई म्हणाल्या, "तिला येतं. तुम्ही चांगलं शिकवलंत तिला. ती स्वतः बघून घेईल. तुम्ही आता घरी चला."

काहीच झालं नाही. कुसुमताईंनी बैठकीवरून नजर काढली नव्हती. मग त्या काय करताहेत हे त्यांना कळायच्या आत त्या पुढे झाल्या आणि रिकाम्या खुर्चीला हात जोडून बोलल्या. "साहेब, माझ्या हातून चूक झाली. मी न बघता हो म्हटलं. पण मी आई आहे तिची. तिचं मी बघेन. मी शब्द देते."

कर्र करून आवाज झाला. हिरवी पट्टी सावकाश वर आली, थरथरली आणि ताठ झाली.

अश्विनीनं असा हंबरडा फोडला की शेजारच्या घरातून कोणीतरी काय झालं म्हणून हाक मारली. कुसुमताईंनी तिला छातीशी धरलं. शोभाताई दोघींकडे न बघता, कुणाला तरी वाट करून देत, एका अंगानं खोलीबाहेर पडल्या.

दुपारच्या गाडीला दोघं नवरा-बायको त्यांना पोचवायला गेली. शोभाताईंनी खिडकीची जागा सोडली आणि तिच्या शेजारी बसल्या. गाडीत बऱ्यापैकी गर्दी होती. एका माणसानं खिडकीच्या जागेकडे बोट दाखवून विचारलं, "बहनजी, यहाँ कोई बैठा है?"

"हो," शोभाताई म्हणाल्या.

त्यानं जागेकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि का कोण जाणे, पिशवी उचलून पुढच्या डब्यात निघून गेला. गाडी हलली तेव्हा गजाननरावांनी टोपी काढली. कुसुमताईंना वाटलं, खिडकीच्या काचेवर आतून वाफ धरलीय. उन्हाळा तोंडावर आला होता, वाफ धरण्यासारखं काही नव्हतं.

त्या संध्याकाळी अश्विनी पुन्हा उजव्या खुर्चीत जाऊन बसली, पण बोट उचलेना. मान डावीकडे कलवून ऐकत राहिली. वीज गेली, माग थांबले, घरात मुंगी चालली तर ऐकू येईल अशी शांतता पसरली, आणि त्या शांततेत काहीही नव्हतं. बैठक ताठ होती. कुसुमताई मागे बसून होत्या. मघापर्यंत जे जावं म्हणून त्यांनी हात जोडले होते ते गेलं होतं, आणि आता त्यांना धडकी भरली होती. आपण पोरीचा आधार तर काढून घेतला नाही ना? सोमवारी तिनं बोट ठेवलं, आणि सरांचं ऐकू आलं नाही, आणि परीक्षकाचंही ऐकू आलं नाही, तर? मग तिच्यापाशी उरणार काय?

"आई, कुणीच नाही," अश्विनी म्हणाली. एवढंच म्हणाली. रविवारी ती हैदराबादला गेली.

सोमवारी कुसुमताईंचा जीव टांगणीला लागला होता. त्यांनी सकाळी वरणात दोनदा मीठ घातलं. गजाननराव चकार शब्द न काढता जेवले, यावरून त्यांचीही अवस्था कळावी. दुपार उलटली तरी फोन नाही. फोन आला तेव्हा त्या गच्चीवर वाळवण उचलत होत्या, आणि हातातलं सगळं तिथंच टाकून त्यांनी तो उचलला.

"पास झाले," अश्विनी म्हणाली. आवाजात आनंद नव्हता.

"मग अशी काय बोलते?"

"आई, त्यांनी इंजिन बंद पाडलं. मी बोट ठेवलं अन् थांबले. खूप थांबले. वाटलं, आता बोलतील, आता बोलतील. कुणीच बोललं नाही. आणि तो डावीकडचा परीक्षक म्हणाला, कन्फर्म." तिनं श्वास घेतला. "या वेळी मला ऐकू आलं. पण मी त्याच्यावर नाही सोडलं. मी स्वतः बघितलं, सावकाश, एक एक तबकडी. माझं बोट चुकलं होतं. तो मुद्दाम हो म्हणाला होता, आई. बघायला की मी बघते का."

कुसुमताई खाली बसल्या. वाळवणाच्या साडीवरच बसल्या.

"मी बोट काढलं आणि म्हटलं, नाही. वन. डावं." आणि मग ती रडायला लागली, शनिवारी रडली त्यापेक्षा फार हळू, थांबायचं नाव न घेणारं रडणं. कुसुमताईंनी तिला गप्प केलं नाही. फोन कानाला लावून त्या ऐकत राहिल्या.

"मी घरी नाही येत," ती शेवटी म्हणाली. "इथूनच नाशिकला जाते. सर गेल्यावर मी शोभाकाकूंच्या घरी भेटायलाच गेले नाही गं. सगळे जाऊन आले. मीच नाही गेले."

"जा," कुसुमताई म्हणाल्या. आईनं सांगायचं ते सांगायला हवंच होतं. "त्यांच्यापाशी बस. बोलता नाही आलं तर नको बोलू. अन् निघताना 'येते' म्हणायचं नाही. दुखवट्याच्या घरून तसं म्हणत नसतात. नुसतं उठायचं अन् निघायचं."

"हो," अश्विनी म्हणाली. "नाही म्हणणार."